वायरीत अडकलेली झांज

यंदा चैत्र निम्मा सरला नाही तोच सोलापूरने आपला उन्हाळा बाहेर काढला. सकाळी नऊ वाजताच खिडकीची दांडी हाताला चटका देते. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. माठातलं पाणी संध्याकाळपर्यंत कोमट होऊन बसतं. या वयात उन्हाळ्याविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नाही, आम्ही दोघं एकमेकांना फार जुने ओळखतो. पण यंदा त्याच्या जोडीला माझा पुतण्या विनय पुण्याहून आला आणि येताना त्याने एक वेटोळं आणलं. करंगळीएवढं जाड, वर विणलेली गवसणी, टोकांना पिवळे चकचकीत दांडे. मला वाटलं, गच्चीवर वाळवणाला दोरी आणली असेल पोराने.

"काकू, स्पीकरची केबल आहे ही," तो हसून म्हणाला. "हिनं आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो."

किंमत मी विचारली नाही. विचारली असती तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं. त्याने पुढच्या खोलीत आपला सगळा संसार मांडला, वेटोळं उलगडून जोडलं, गाणं लावलं आणि डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ऐकू लागला. मी शेंगा निवडत बसले होते. जरा वेळाने त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "वरचा आवाज कुठंतरी कमी पडतोय. बारीक काम ऐकू येत नाहीये. दुसरी केबल लावून बघायला पाहिजे."

इतक्या उकाड्यात माझे हात गार पडले. "विनय," मी म्हटलं, "जरा तिकडं तोंड कर." तो गोंधळला, पण भिंतीकडे वळला. मी आवाज अगदी खाली आणून विचारलं, "चहा टाकू का रे?" वळूनही न बघता तो म्हणाला, "टाक की." तेव्हा कुठे मला श्वास आला. तो म्हणाला, काकू, हे काय? मी म्हटलं, काही नाही, म्हातारपण. खरं सांगायचं तर म्हातारपणाचा यात काही संबंध नाही. हे वेड मला तिशीच्या आत लागलं, सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात, आणि ते वायरीनेच लावलं.

तेव्हा आम्ही गिरणीच्या मागच्या गल्लीत राहायचो. दोन खोल्या, मागे हातभर परडं आणि त्यात एक पेरू, ज्याला कधी पेरू लागले नाहीत. गल्लीत निम्मी घरं तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. दारोदारी माग. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खट्-खट् चालायचं, आणि त्यावर मात करून बोलायचं म्हणून सगळी गल्लीच ओरडून बोलायची. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, इथे रोज भांडणं होतात. माझे यजमान गिरणीत साळखात्यात जॉबर होते. साळखातं म्हणजे जिथे शेकडो माग एका छपराखाली चालतात, आणि जॉबर म्हणजे ते माग नीट चालते ठेवणारा माणूस. मी महानगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते. वार्षिक परीक्षा उरकल्या होत्या, चौथीच्या उत्तरपत्रिकांचा ढीग घरी होता, आणि वळसंगहून सासूबाई उन्हाळ्यापुरत्या राहायला आल्या होत्या.

हे मूळचे भजनी. वळसंगला देवळाच्या ओट्यावर भजन असायचं आणि यांच्या हातात लहानपणापासून झांज. गाणं म्हणत नसत, झांज धरत. गिरणीच्या पाळ्यांमुळे भजन सुटलं, ते त्यांना फार लागून राहिलं होतं. त्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला त्यांनी इस्माईलभाईंकडून मशीन करून घेतलं. इस्माईलभाई म्हणजे आमच्या ओळखीचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांनी आपल्या हाताने जोडलेला अॅम्प्लिफायर, तबकडी फिरवायचा प्लेअर आणि सागवानी रंग दिलेली दोन मोठी खोकी, ज्यांच्या पोटात स्पीकर. अॅम्प्लिफायरच्या आत काचेच्या नळ्या होत्या. मशीन सुरू केलं की त्या हळूहळू निखाऱ्यासारख्या लाल व्हायच्या. मला ते कधी आवडलं नाही. आधीच घर भट्टीसारखं, त्यात ही आणखी एक चूल.

पहिल्या दिवसापासून मशीनमधून घूं असा आवाज यायचा. गाणं नसलं तरी घूं. भिंतीत मोठी माशी कोंडली असावी तसा. मला त्याची भीती वाटायची. वाटायचं, हे काहीतरी जिवंत आहे आणि आपण निजल्यावर ते वायरीतून बाहेर येईल. इस्माईलभाई आले, त्यांनी प्लेअरची जाळीची वायर बदलली, तरी घूं थोडी उरलीच. मग त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. "अर्थिंग नै है, भाऊ. जमीन सूखी है."

ह्यांनी पेरूच्या बुंध्याशी खड्डा केला. त्यात लोखंडी नळी, कोळसा, खडेमीठ घातलं आणि तांब्याची तार मशीनपर्यंत आणली. पण ती जमीन इतकी वाळलेली, की रोज संध्याकाळी तिथे तांब्याभर पाणी ओतावं लागे. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. सासूबाई परड्याच्या पायरीवर बसून हे बघायच्या आणि मला ऐकू जाईल असं बोलायच्या, "मान्सांना पाणी न्हाय हितं, आन ह्यो तारेला पाजतोय. उद्या तारंला पाळणा बांधल."

पण पाणी घातलं की घूं जायची. खरंच जायची. जमीन पाणी पिताच भिंतीतली माशी गप्प व्हायची आणि गाणारीचा आवाज एकटा उभा राहायचा. असंच दुसऱ्यांदा झालं. एका खोक्याच्या दोन्ही तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. त्यामुळे तो आवाज असा पोकळ झाला, की बाई खोलीच्या मागे कुठेतरी पाठ करून गातेय असं वाटावं. तारा अदलाबदल केल्याबरोबर ती वळून आमच्या पुढ्यात येऊन बसली. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, म्हणून विनयला मी हसत नाही. तारेने फरक पडतो. पण दोनदा तारेवर उपाय चालला म्हणून यांची खात्री पटली, की जे काही बिघडतं ते तारेतच बिघडतं.

आणि मग एक दिवस पाळीवरून येऊन, हातपाय धुऊन, भजनाची आवडती रेकॉर्ड लावून हे कॉटवर बसले. थोडा वेळ ऐकलं आणि मला विचारलं, "झांज कुटं गेली गं?"

मी पेपर तपासत होते. झांज चालली होती. छन्-छन्, छन्-छन्, पाण्यासारखी स्वच्छ. मला वाटलं, चेष्टा करतायत. "वाजतेय की," मी मान खाली घालूनच म्हटलं. त्यांनी परत विचारलं, "आं?" मी वर बघून म्हटलं, "वाजतेय." त्यांनी मान हलवली. "आदी वाजत हुती तशी न्हाय. वायर लांब हाय. लांब वायरीत बारीक आवाज मरतो, इस्माईलभाईनं सांगितलंय."

इस्माईलभाईंनी असं सांगितलं होतं का, देव जाणे. पण ह्यांनी बाजारातून दुसरी वायर आणली. पहिली कापड गुंडाळलेली दुपदरी होती, ही जास्त जाड, घराच्या फिटिंगला वापरतात ती. मशीन कॉटच्या उशाशी होतं, म्हणून वायर आखूड करायला एक खोकं कोपऱ्यातून काढून दारापाशी आणलं. रेकॉर्ड लावली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. चार दिवसांनी तिसरी वायर, आणखी आखूड, आणि खोकं दारापासून कपाटापाशी. मग कपाटापासून कॉटच्या पायथ्याशी. मी शाळेतून निकालाचं काम उरकून यावं आणि बघावं, तर खोकं आणखी हातभर पुढे सरकलेलं. दिवसा कुणी नसताना ते आपणहून कॉटकडे चालत येतंय, असं मला वाटू लागलं. झाडू मारताना मी त्याला शिवायचं टाळत असे.

त्या दिवसांत दुपारी गल्लीतून कुल्फीवाला जायचा. त्याच्या गाडीला चिमणीएवढी घंटी. आदल्या उन्हाळ्यापर्यंत मागांच्या खटखटीतही ह्यांना ती सगळ्यांच्या आधी ऐकू यायची. सुट्टीच्या दिवशी झोपेतून उठून पंचा खांद्यावर टाकत हे दारात जायचे, आम्हा दोघींना कुल्फी आणून द्यायचे आणि स्वतः भांड्यात घेऊन चमच्याने खायचे, कारण काडीवरची त्यांच्या सदऱ्यावर गळायची. एका रविवारी कुल्फीवाला आमच्या दारासमोर थांबला, त्याने घंटी वाजवली, परत वाजवली. हे जागे होते. कॉटवर बसून वायरीचं टोक सोलत होते. मान वर झाली नाही. कुल्फीवाला पुढे गेला. सासूबाई म्हणाल्या, "आज कुल्फी न्हाय व्हय?" आणि एक शंका माझ्या मनात येऊन बसली. त्याला मी तेव्हा नाव दिलं नाही. नाव दिलं की ते खरं होईल असं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात दिवेलागणीला लाईट गेली. उन्हाळ्यात जायचीच. माग थांबले, गल्ली एकदम मुकी झाली, घरात काळोख. हे माझ्यापासून दोन हातांवर बसले होते, आम्ही कशाबद्दल तरी बोलत होतो. मी काळोखातच विचारलं, "काडेपेटी कुठं ठेवली?" उत्तर नाही. "अहो, काडेपेटी?" उत्तर नाही. मला वाटलं, रागावले. मी आठवू लागले, काय बोलले मी मघाशी. तिसऱ्यांदा विचारलं, तरी तेच. सासूबाई आतून चाचपडत आल्या आणि त्यांनी चिमणी लावली. उजेड माझ्या तोंडावर पडला. मी विचारलं, "काडेपेटी कुठं ठेवली होती?" आणि हे अगदी सहज म्हणाले, "खिडकीत की. मला का न्हाय इचारलंस?"

चिमणी जळत होती आणि मला अंगभर काटा आला. कारण मला खंडेनवमी आठवली. वर्षातून त्या एका दिवशी गिरणीत यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना आत जाऊ द्यायचे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी गेले होते. माग थांबलेले, त्यांना झेंडूच्या माळा, गुलाल. इतकं शांत की चपलांचा आवाज यावा. आणि त्या शांततेत दोन जॉबर समोरासमोर उभे राहून तोंडाने काहीच आवाज न काढता बोलत होते. ओठ हलत होते, हात हलत होते, मध्येच दोघे हसले. मी घाबरून ह्यांना विचारलं, तर हसून म्हणाले, "सवय. माग चालू असले की कानानं कोन ऐकतंय? समदे ओठ बघूनच बोलतात हितं. बंद असले तरी सवय जात न्हाय." तेव्हा मला ती गंमत वाटली होती. आता वाटलं, हा माणूस घरीसुद्धा साळखात्यातच बसलेला असतो. आपले ओठ बघून बोलतो. कधीपासून, हे मला माहीत नाही.

आता भीतीने मला कामालाच लावलं. मी त्यांच्या पाठीमागून हळूच हाक मारून बघायची. बांगड्या वाजवायची. चमचा फरशीवर पाडायची. चमचा पडल्याचं कळायचं, पण कुठे पडला ते कळायचं नाही. समोर असताना तोंडावर पदर धरून बोलायची, खोकला आल्यासारखं करून, घाम पुसल्यासारखं करून. पदर तोंडावर आला की ह्यांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी विझायचं आणि ते "व्हय व्हय" म्हणायचे. काहीही विचारलं तरी "व्हय व्हय." दर वेळी मी मनात म्हणायची, या वेळी नीट उत्तर येऊ दे. एकदा आलंसुद्धा, आणि मी आनंदाने त्या दिवशी गोडाचा शिरा केला. दुसऱ्या दिवशी परत "व्हय व्हय."

सांगायचं कसं? शाळेत पोरांना मी न घाबरता सांगायची, तू नापास आहेस म्हणून. इथे तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी बोलून जायची. जॉबरचा कान म्हणजे त्याची भाकरी, हे मला ठाऊक होतं. पण भाकरीपेक्षाही मोठी भीती धोट्याची होती. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा, लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. एखाद्या वेळी तो मागातून सुटतो आणि गोळीसारखा जातो. ह्यांनीच मला सांगितलं होतं, की धोटा सुटण्याच्या आधी मागाचा आवाज बदलतो, मध्येच एक बारीक टिक् यायला लागतं. जॉबरला ते कळतं आणि तो माग थांबवतो. सगळं अवलंबून त्या बारीक टिक्वर, आणि ह्यांना झांज ऐकू येत नव्हती. रोज सकाळी भोंगा झाला, हे सायकल काढून निघाले, की मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची. सायकल वळणाआड गेली तरी आत जाववायचं नाही.

एका संध्याकाळी हे आले ते डाव्या भुवईवर पट्टी बांधून. "काय झालं?" मी सायकल हातातून घेत विचारलं. "धोटा सुटला. चाटून गेला नुस्ता." मी विचारलं, "तुम्हाला आधी कळलं नाही?" त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग खोक्याकडे बघितलं. "गडबड हुती लई," ते म्हणाले आणि पट्टी न काढता तसेच वायर सोलायला बसले. भुवई आणि डोळा यांत एक बोटही अंतर नव्हतं. त्या रात्री मी जेवले नाही. सासूबाईंना सांगितलं, उन्हानं होतंय.

त्यांच्यापासून मात्र फार दिवस लपलं नाही. दुसऱ्या दिवशी हे परड्यात पेरूला, म्हणजे तारेला, पाणी घालत होते आणि सासूबाई पायरीवरून हाका मारत होत्या. "आरं, कवाधरनं हाका मारतीया. बहिरा झालास काय रं?" तो शब्द घरात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला गेला. मी धावत गेले. हे तसेच पाठमोरे, तांब्यातलं पाणी धारेने सोडत होते. त्यांना तो शब्दही ऐकू गेला नव्हता. मी सासूबाईंचा हात धरला. "आत्या, तेवढं म्हणू नका." त्या हसत होत्या. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, लेकाच्या पाठीकडे बघितलं आणि हसणं तसंच ओठांवर राहून गेलं.  त्या दिवसापासून लेकाशी बोलायचं असलं की म्हातारी गुडघे धरत उठायची, वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभी राहायची आणि मगच तोंड उघडायची. मला ते बघवायचं नाही.

खोकं आता कॉटच्या उशाशी आलं होतं. वायर वीतभर उरली होती. तिच्याहून आखूड वायर होऊ शकत नव्हती. ह्यांनी इस्माईलभाईंना बोलावणं धाडलं.

इस्माईलभाई रविवारी दुपार कलल्यावर आले, आपल्या दुकानातली चांगली वायर घेऊन. लाल-काळी, आत तांब्याच्या केसांएवढ्या बारीक तारा. त्यांनी मन लावून टोकं सोलली, पीळ दिला, जोडणी केली. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी लिंबाचं सरबत करून आणलं. इस्माईलभाईंनी भजनाच्या रेकॉर्डवर सुई टेकवली. ती रेकॉर्ड मला पाठ झाली होती. आधी बराच वेळ बाईंचा एकटीचा आलाप आहे, संथ, नुसती पेटी आणि गळा. पखवाज आणि झांज नंतर येतात.

आलाप सुरू झाला. इस्माईलभाई ह्यांच्याकडे बघत होते, मीही. हे खोक्याशेजारी बसून आम्हा दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होते. इस्माईलभाईंनी भुवया उंचावून विचारलं, कसं काय? आणि हे एकदम मोठ्याने, आनंदाने म्हणाले, "आली! आली की झांज! आता कशी चोख वाजतीया!"

पेटी आणि गळा. खोलीत झांजेचा मागमूस नव्हता.

इस्माईलभाईंचा सरबताचा पेला तोंडाशी जाता जाता थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "हौ, भाऊ," ते म्हणाले, "आ गई." सामान भरताना त्यांचे हात नेहमीसारखे चालत नव्हते. दारापर्यंत मी गेले. तिथे ते खाली बघत हळूच बोलले, "भाबी, वायर में कुछ नै था. पैले भी नै था." मी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण चप्पल घालताना त्यांनी उजवी डाव्या पायात घातली.

मी परत आले. रेकॉर्ड चालूच होती. मी बटण फिरवून आवाज थोडा कमी केला, बोलता यावं म्हणून. हे म्हणाले, "दारात काय म्हनला इस्माईलभाई?"

"काही नाही," मी म्हटलं. रडू येत होतं म्हणून पदर तोंडावर होता.

"पदर काढ."

"आं?"

"तोंडावरचा पदर काढ की. उनाळा लागल्यापासनं तोंड झाकूनच बोलतीयास. मला कळत न्हाय व्हय, काय बगतीयास ते?"

मी पदर खाली घेतला. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. इतके दिवस मी घाबरत होते ते त्यांना कळेल म्हणून. आणि ते तर माझ्या प्रत्येक खोकल्याला, प्रत्येक पडलेल्या चमच्याला ओळखून होते. एकाच घरात राहून आम्ही दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आदीपासनं."

"मग हे मशीन? ह्या वायरी?"

त्यांनी वायरीचा एक तुकडा उचलून हातात घेतला. "मोट्यानं लावलं की येईल वाटलं. मग घूं आली नि तारंला पाणी घातलं तशी गेली. म्हनलं, ह्ये बी तसंच आसंल. तारंत आसलं तर बदलता येतं. म्या लई बदलून बगितलं की गं." मग म्हणाले, "उद्या सायबाला सांगतो, घडीखात्यात टाका म्हनून. तितं कापडाच्या घड्या घालायच्या, धोट्याचं भ्या न्हाय. पगार कमी हुईल. परवा डोळा वाचला, उद्याचं काय सांगावं? पाळीवर जाताना मला आता भ्या वाटतं."

साळखात्यात इतकी वर्षं काढलेला तो माणूस, माझ्यासमोर भीती वाटते म्हणाला. मी त्यांचा हात धरला.  

"झांज चालू हाय का आत्ता?" त्यांनी विचारलं.

आलाप केव्हाच संपला होता. पखवाज घुमत होता आणि त्यावर झांज, नेहमीसारखी. "चालू आहे," मी म्हटलं. त्यांचा तळहात उघडून मी माझं बोट त्यावर टेकवलं आणि प्रत्येक छन्ला टिचकी देऊ लागले. त्यांनी डोळे मिटले. मान हलू लागली, पायाचा अंगठा ठेका धरू लागला, ओट्यावर बसलेल्या माणसासारखा. बाहेर गल्लीतले माग रविवारमुळे बंद होते. माझ्या कानाला ते गाणं खोलीभर होतं, आणि खोकं तर त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर. मला वाटलं, झांज गेली तर गेली. गळा आहे, पखवाज आहे, एवढं तर राहिलंय.

भजन टिपेला गेलं आणि संपलं. सुई आतल्या रिंगणात खर्र-खर्र करत फिरू लागली. माझं बोट थांबलं. हे तसेच बसून राहिले, तळहात पसरून, डोळे मिटून, पुढच्या टिचकीची वाट बघत. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं,

"झांज थांबली, का रेकॉर्डच संपली?"

मी ओठ नीट हलवून म्हणाले, "रेकॉर्ड संपली."